शनिवारच्या बायका

स्लाइडवर तपकिरी रंगाचा एक ठिपकासुद्धा नव्हता, आणि त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. असे कर्करोग असतात. संप्रेरकांच्या दोन चाचण्या आणि तिसरी एका प्रथिनाची. तिन्हींत पेशी रंग घेत नाहीत, नुसत्या निळ्या राहतात. मग रिपोर्टात ट्रिपल निगेटिव्ह लिहायचं, आणि वाचणाऱ्याने समजायचं की हा आजार दांडगा आहे, गोळीला दाद देणार नाही, त्याच्यावर सगळी जहाल औषधं ओतावी लागतील. लॅबची पॅथॉलॉजिस्ट होती ती, स्लाइड सरकवत कडेला गेली. सवयीने गेली, ताट संपल्यावर बोट फिरवून बघावं तशी. तिथे चरबीत दोन नळ्या होत्या. दुधाच्या, निरोगी, गाठीशी काही देणंघेणं नसलेल्या, प्रत्येक बाईच्या स्तनात असतात तशा. या नळ्यांतल्या निदान काही पेशींनी तरी रंग घ्यायला हवा होता. निरोगी पेशी तो घेतातच. त्यांच्याकडे बघूनच चाचणी चालली की नाही हे ठरवायचं असतं. पण त्याही निळ्या होत्या, धुवून वाळत घातलेल्या फडक्यासारख्या. तिने भिंग बदललं, प्रकाश कमीजास्त केला, डोळे चोळले. आणि मग, मायक्रोस्कोपच्या स्वच्छ धातूवर नाक टेकलेलं असताना, तिला सोमवारचा वास आला.

सोमवारी सकाळी बरणी उघडली होती ती तिनेच. प्लॅस्टिकची बरणी, पित्ताशय किंवा अपेंडिक्स पाठवतात त्या मापाची, आणि आत अख्खा स्तन. कोंबलेला. झाकण कुणीतरी तळहाताने दाबून फिरवलं असणार, कारण ते काढताना त्वचेला चिकटून आलं आणि त्वचेवर झाकणाच्या आट्यांचे वळ उठलेले होते. नमुना टिकवणारं फॉर्मालिन वर बोटभर, खाली होतं की नाही कुणास ठाऊक. बाहेर काढल्यावर तो पसरला नाही. बरणीचाच आकार घेऊन उभा राहिला, साच्यातून काढल्यासारखा, बोंडशी भिंतीला दबून चपटी झालेली. तिने सुरी घातली. बाहेरचा थर हवा तसा राखाडी, घट्ट. आत मात्र गुलाबी, सैल, ओलं. आणि मग तो वास. फॉर्मालिनने डोळ्यांना पाणी येतं, त्याचं तिला काही वाटत नाही, त्या वासात ती तोंड मिटून दिवस काढू शकते. हा वास त्याच्या खालून आला. गोड, जड. शनिवारी कापून काढलेलं मांस सोमवारपर्यंत स्वतःच्याच उबेत बसलं की जो येतो तो. तिने मान वळवून श्वास रोखला होता आणि तुकडे कापले होते, कारण दुसरे तुकडे कुठून आणणार.

‘काय मॅडम, आज मीठ कमी पडलं वाटतं?’ आचारी दारात उभा होता. तो आचारी नव्हता, स्लाइड रंगवणारा तंत्रज्ञ होता; पण रंगवायच्या आधी स्लाइड प्रेशर कुकरमध्ये उकळाव्या लागतात, आणि शिट्टी झाली की तो ‘पानं घ्या’ म्हणून ओरडतो, म्हणून सगळ्या लॅबने त्याला ते नाव दिलेलं.

‘तुम्ही दादाला काही सांगितलंत का?’

‘त्यांचाच फोन आला. सकाळपासून तिसऱ्यांदा. म्हटलं, तिन्ही निगेटिव्ह दिसतायत.’

‘मी बघायच्या आधीच?’

‘कंट्रोल लागला होता की, मॅडम. झकास लागला होता.’ त्याने वाकून स्लाइडचं टोक दाखवलं. तिथे नेहमीप्रमाणे एक ओळखीचा तुकडा चिकटवलेला होता, रंग घेणार याची आधीपासून खात्री असलेला. तो गडद तपकिरी झाला होता. म्हणजे रसायनं ठीक, कुकर ठीक, आचारी ठीक.

‘हा दुसऱ्या बाईचा तुकडा झाला. हिच्या स्वतःच्या नळ्या बघितल्यात?’

त्याने मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या जोडभिंगाला डोळे लावले. मग म्हणाला, ‘आयला.’ आणि सरळ होत, वातावरण हलकं करायचं म्हणून असेल, हसला: ‘पण मॅडम, दादासाहेबांच्या शनिवारच्या बायका फिक्याच निघतात हो. जुने सर म्हणायचे, शनिवारच्या बायका नाजूक.’ त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं. कुकरची शिट्टी झाली, पण तो ओरडला नाही.

दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ. वरच्या मजल्यावरचा शल्यविशारद. जुने सर निवृत्त झाल्यावर तिला या लॅबमध्ये आणलं ते त्यानेच. तिने फोन लावला तर तो घाईत होता, मागे कुणीतरी बाई बोलत होती. ‘अगं, सांगितलं पेशंटला मी. रडली जरा. पुढच्या आठवड्यात केमोची सलाइन सुरू करतोय, तू रिपोर्ट लिहून टाक.’ ती म्हणाली, ‘दादा, चाचणी फसलीय, तिचा कर्करोग निगेटिव्ह आहे असं नाही म्हणता येणार.’ तो म्हणाला, ‘निगेटिव्ह म्हणजे निगेटिव्ह ना? आक्रमक धरून चालू, सगळं देऊ, नुकसान काय?’ नुकसान एवढंच की पॉझिटिव्ह असली तर तिला वर्षानुवर्षं घ्यायची गोळी मिळणार नाही, जी गोळी आजाराला परत येऊ देत नाही. हे त्याला माहीत नव्हतं असं थोडंच. पण तो इतका साधा बोलला, शेजाऱ्याला वाटीभर साखर दिल्यासारखा. तिने ‘नंतर बोलते’ म्हणून फोन ठेवला.

लहानपणी तिला दुधावरची साय बघूनच ओकारी यायची. घरातले म्हणायचे नाटकं आहेत. दादा काही म्हणायचा नाही. तिचा कप ओढायचा, साय बोटाने उचलून तोंडात टाकायचा आणि कप परत सरकवायचा. मोरीच्या जाळीतले केस, उंदराची लेंडी, संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागे, सुजलेल्या गोगलगाई. तिला शिसारी येईल ते सगळं तिच्या नजरेस पडायच्या आधी तो उचलून नेत असे. तिच्या नाकाला घरभरातले वास आधी लागत म्हणून तिला नाकाडी म्हणणाराही तोच. ‘नाकाडे, कुठून येतोय वास, सांग’ म्हणायचा आणि ती बोट दाखवील तिथे जायचा. पुढे ती चिरफाडीच्या विषयाकडे वळली तेव्हा आई सगळ्यांना सांगत सुटली, जिला सायीने उलटी व्हायची ती आता माणसांचे तुकडे पाडते. ती स्वतःला सांगायची की यात नवल नाही, जिला किळस येते तीच नीट बघते. किळस म्हणजे शरीराची फार जुनी चाचणी, डोक्याच्या आधी नाकाने केलेली. आता तिला वाटलं, त्याने उचललेल्या त्या सगळ्या घाणींचं तो करायचा काय? तिने कधी विचारलं नव्हतं. कुठेतरी टाकायचा. बरणीत भरून झाकण लावून तिच्याच टेबलावर पाठवत असेल.

दुपारी तिने कपाटातून शनिवारच्या जुन्या स्लाइड काढायला सांगितल्या. आचाऱ्याने ट्रे आणून ठेवले आणि या वेळी विनोद केला नाही. तिने एकेक स्लाइड लावली. गाठ बघितलीच नाही, सरळ कडेला गेली, चरबीत, नळ्या शोधत. काहींत नळ्याच नव्हत्या. काहींत होत्या आणि तपकिरी होत्या, तेव्हा तिला इतकं हायसं वाटायचं की लाज वाटावी. पण निम्म्याहून जास्त स्लाइडींत त्या निळ्या होत्या, पेशींच्या कडा पुसट, केंद्रकं विरघळत चाललेली. खाली जुन्या सरांची सही, सुबक, तिरकी. ट्रिपल निगेटिव्ह. ट्रिपल निगेटिव्ह. टोकाचा तुकडा प्रत्येक वेळी झकास लागलेला. कुणी खोटं बोललं नव्हतं, हेच तिला सहन होईना. सगळ्यांनी बघायची ती गोष्ट बघितली होती आणि शेजारची बघितली नव्हती. मग ‘नाजूक’ म्हणून हसले होते. चहाच्या वेळी, कपात बिस्किट बुडवता बुडवता. तिला त्या बायकांचे चेहरे माहीत नव्हते, आणि जे माहीत होतं ते कुठल्याही चेहऱ्यापेक्षा आतलं होतं. आज त्या कुठे असतील, कुणाला केस परत आले असतील, कुणाच्या पाठीत दुखायला लागलं असेल आणि ती वय झालं म्हणत बाम चोळत असेल. तिला वाटलं हात धुवावेत. धुतले. पुन्हा धुतले. साबणालाही तो गोड वास येत होता.

या बाईसाठी एक रस्ता होता आणि तो दादाच्याच ऑपरेशनच्या खोलीतून आला होता. तिच्या काखेतल्या लसिकागाठी वेगळ्या छोट्या बाटलीत आलेल्या, भरपूर फॉर्मालिनमध्ये, मोकळ्या तरंगत. त्यातल्या एकीत कर्करोग पोचला होता. बाईच्या दृष्टीने वाईट बातमी. पण तिथल्या पेशी जिवंत असताना होत्या तशा टिकल्या होत्या, त्यांना विचारलं तर त्या खरं सांगणार होत्या. दुसऱ्या दिवशी आचाऱ्याने त्याच तीन चाचण्या त्या गाठीवर लावल्या आणि स्लाइड आणून दिल्या. पहिल्या दोन्ही स्लाइड गच्च तपकिरी, शेताला पाणी सोडल्यावर माती दिसते तशा. तिसरी निगेटिव्ह. म्हणजे ही बाई ट्रिपल निगेटिव्ह नव्हतीच. तिला गोळी चालणार होती. पुन्हा पुन्हा बघूनसुद्धा तिला आनंद झाला नाही. सडका दात उपटल्यावर जीभ जशी त्या भोकात जाते तसं तिचं मन बाकीच्या स्लाइडींकडे जात राहिलं.

संध्याकाळी वहिनीने जेवायला बोलावलं होतं. दादाने मासा समोर घेतला आणि नेहमीसारखा सोलला. मधला काटा एका ओढीत सबंध निघाला, पांढरं मांस दोन्ही बाजूंना न मोडता उघडं. त्यातला सगळ्यात चांगला तुकडा त्याने तिच्या ताटात ठेवला. त्याची नखं बारीक कापलेली, बोटं कोरडी. याच बोटांनी. नाही, बरणी तो भरत नाही. तिने तुकडा बोटाने बाजूला सारला.

‘गाठीला रंग आला,’ ती म्हणाली. ‘संप्रेरकांच्या दोन्ही चाचण्यांत. गच्च.’

‘अरे वा! म्हणजे सुटली बाई. लिही तसं, गोळीवर टाकू. बघ, उगाच डोकं पिकवत होतीस.’

‘पहिल्या वेळी का आला नाही, ते लिहावं लागेल.’

‘लिही ना. नमुना नीट टिकलेला नव्हता. सगळे तेवढंच लिहितात.’

‘का टिकला नव्हता?’

‘नाकाडे, जेव.’

‘दादा, बाकीच्या शनिवारच्या मी काढून बघितल्या. निम्म्याहून जास्त तशाच आहेत.’

त्याचा हात थांबला. वहिनी म्हणाली, ‘अहो, जेवताना तरी तुमच्या बरण्या नका काढू दोघं. मला घास जाईना.’ त्याने ऐकलं नाही. तो घाबरला होता हे तिला दिसलं. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता, आणि क्षणभर तिला त्याची कीव आली. मग तो बोलला.

‘कुणाला बोललीस?’

त्याने विचारलं असतं, कोण कोण आहेत? विचारलं असतं, ती अमकी आहे का त्यात, ती शाळेतली बाई? तर कदाचित तिने तो मासा खाल्ला असता. ‘कुणाला नाही,’ ती म्हणाली.

‘मग काय करायचं म्हणतेस? एकेकीला फोन करून सांगायचं, बाई, तुमचा तुकडा नासका होता? त्यातल्या कितीतरी ठणठणीत आहेत गं. सुखाने झोपतायत.’

‘आणि बाकीच्या?’

‘बरणी सिस्टर भरते. मोठ्या बरण्या मागितल्या की स्टोअर म्हणतं पुढच्या महिन्यात. रविवारी तुमची लॅब बंद. जुन्या सरांनी एकदा तरी मला सांगायचं ना? एकट्याची चूक आहे का ही?’ तो जे जे बोलला ते सगळं खरं होतं. त्यामुळेच जास्त ओशट. ‘आधी हिचं निस्तर. बाकीचं हळूहळू मी बघतो. शब्द देतो तुला.’

‘बरं,’ ती म्हणाली.

घरी येईपर्यंत ते ‘बरं’ तिच्या तोंडात होतं. तिने दात घासले तरी गेलं नाही. दादाचा राग धरणं सोपं होतं, त्यात एक प्रकारची स्वच्छता होती; पण ‘बरं’ तिचं स्वतःचं होतं, तिच्याच घशातून आलेलं, त्याच्या आणि तिच्या एकाच रक्तातलं. दोघं एकाच आईच्या दुधावर वाढलेली, त्याच नळ्यांमधून. अंथरुणात तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, गाठ वगैरे शोधायला नव्हे, नुसता, आणि तिला मेजावर साच्यासारखा उभा राहिलेला तो दुसरा स्तन आठवला. तिने हात काढून घेतला.

सकाळी बाई स्वतःच आली. रिपोर्ट न्यायला नवऱ्याला पाठवतात बहुतेकजणी. ही एकटी आली, खांद्यावर पिशवी, एका बाजूचा हात अंगाशी धरून जपत. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते म्हणाली. ‘हे नीट दिसतं की हे, एवढंच विचारते दिवसभर. आता मलाच कुणीतरी नीट सांगा.’ चेहरा चांगला होता, जागरणाने सुजलेला. आणि तिला समोर बघून नाकाडीची पहिली प्रतिक्रिया म्हणजे नाक आक्रसणं. या बाईच्या आतला वास तिला माहीत होता, बाईला स्वतःला नव्हता. समोर साबण आणि धुतलेल्या सुती कपड्यांचा वास येत होता, आणि तिचं नाक तो खोटा ठरवत होतं. असली किळस तिला आजवर कशाचीच वाटली नव्हती. बाईची नव्हे, त्या नाकाची.

तिने खुर्ची दिली आणि सांगितलं. की आधी तोंडी सांगितलेलं चुकीचं होतं, काखेतल्या गाठीवर पुन्हा तपासलं, हा आजार त्या दांडग्या प्रकारातला नाही, मुख्य औषध गोळीचं, सलाइन लागेलही पण ते पुन्हा ठरवायचं.

बाईने ओठ आत ओढले. ‘म्हणजे मी चांगली निघाले?’

‘चांगली असं नाही. उपाय लागू पडेल अशी निघालात.’

‘पोटभर रडून झालं की माझं चुकीच्यासाठी.’ ती हसली, मग डोळे पुसले, मग पुन्हा हसली. ‘आधी का चुकलं?’

नमुना नीट टिकलेला नव्हता. वाक्य जिभेवर तयार होतं, रिपोर्टातही टाइप झालेलं होतं. ‘बरणी लहान होती,’ ती म्हणाली. ‘तुमचा अख्खा स्तन लहान बरणीत कोंबून दोन दिवस ठेवला होता. आतून नासला. नासलेल्या पेशी रंग घेत नाहीत, मग निगेटिव्ह वाटतात. तुमच्या निरोगी नळ्यांनीही रंग घेतला नव्हता, म्हणून लक्षात आलं.’

‘अक्षरं पुसलेल्या कार्डावर नंबर काढल्यासारखं,’ बाई हळू म्हणाली. मग, ‘नासला म्हणजे वास येत असेल.’

‘हो.’

‘तुम्हाला आला?’

‘हो.’

बाईने मान हलवली, कुणी तब्येत विचारल्यावर हलवावी तशी. तिचा जपलेला हात छातीच्या सपाट बाजूवर गेला आणि तिथेच राहिला. बाहेर आचारी कुणाला तरी रांगेत उभं राहायला सांगत होता. ‘मला वाटायचं घरात मला वासाचा भास होतोय,’ ती म्हणाली. ‘कुणी जवळ आलं की मीच सरकायचे.’ ‘हे माझ्याच बाबतीत झालं का?’

इथे बरं म्हणता आलं असतं. हो म्हणता आलं असतं, बाई उठून गेली असती, गोळी घेऊन जगली असती, आणि दादाने दिलेला शब्द हळूहळू, पुढच्या महिन्यात, स्टोअरमधल्या बरण्यांसारखा येत राहिला असता.

‘नाही,’ ती म्हणाली.

‘डॉक्टरांच्या खोलीबाहेरच्या बाकावर एक भेटली होती मला. माझ्या आधीची. तिलाही हेच तिन्ही निगेटिव्ह. बरं वाटायचं गं तिच्याशी बोलून, दोघी एकाच बोटीतल्या म्हणायचो.’ बाईने नकळत तिला ‘गं’ म्हटलं होतं. ‘तिची सलाइनं संपली. आता म्हणतात काही औषध नाही, नुसतं तपासत राहायचं. शनिवारीच झालं होतं तिचंही.’

‘तिची स्लाइड बघावी लागेल. पुन्हा तपासावं लागेल. आत्ताच काही सांगता…’

‘मग तपासणार आहात एवढं सांगा.’ बाईने पिशवीतून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नंबर शोधून दाबला. ‘मी सांगितलं तर घाबरेल. तुम्ही बोला.’

मोबाइल तिच्या हातात आला तेव्हा घंटी वाजत होती. काचेवर बाईच्या गालाचा ओलसर, स्निग्ध डाग होता, घामाचा किंवा रडण्याचा. तिचं अंग शहारलं. पुसावा असं वाटलं, खिशात रुमाल होता. तिने तो तसाच कानाला लावला, घट्ट, आणि तो ओलावा तिच्या गालाला चिकटला.

‘हॅलो?’ पलीकडचा आवाज थकलेला, मागे कुठेतरी नळ चालू. ‘हॅलो, कोण बोलतंय?’

लॅबमधून बोलतेय. रिपोर्टबद्दल थोडं काम होतं. अशी दोन-तीन वाक्यं तिला पाठ होती.

‘मी तुमच्या डॉक्टरांची बहीण बोलतेय,’ ती म्हणाली. ‘जरा नळ बंद करता का?’